सोलापुरात थारला 33 इंची टायर घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2021 ची महिंद्रा थार, एलएक्स (वरच्या दर्जाचं मॉडेल), डिझेल, फोर बाय फोर. मोहोळच्या बाजूला शेत आहे, तिथे आठवड्याला जाणं-येणं. महिन्यातून एखादी पुण्याची खेप. सुट्टीत मित्रांबरोबर उजनीच्या काठाला किंवा तुळजापूरकडच्या डोंगरात. गाडीला 33 इंची मड-टेरेन (चिखलासाठीचे, खोल नक्षीचे) टायर घालायचे आहेत, एका दुकानदाराने दोन इंच लिफ्ट (गाडी वर उचलणारं किट) आणि व्हील स्पेसर लावून "सगळं बसवून देतो" असं सांगितलंय. घालावेत का?

माझं उत्तर: घालू नका. टायर जरूर बदला, पण 33 इंची नकोत, स्पेसर तर मुळीच नको. मी सोलापुरात टायर, अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम बरीच वर्षं करतोय. मोठे टायर घालायला उत्साहाने येणारे लोक बघतो आणि काही महिन्यांनी "मालक, पुन्हा जुनेच बसवून द्या" म्हणत येणारेही बघतो. त्यामुळे नुसतं हो-नाही न सांगता कारणं नीट मांडतो. ती पटली नाहीत तर निर्णय तुमचाच आहे, पण निदान कशाच्या बदल्यात काय जाणार हे माहीत असू द्या.

आधी आकडे. तुमच्या गाडीला कंपनीकडून 255/65 आर 18 टायर येतो. 255 म्हणजे मिलीमीटरमध्ये टायरची रुंदी, 65 म्हणजे त्या रुंदीच्या 65 टक्के साइडवॉलची उंची, 18 म्हणजे रिम इंचात. साइडवॉल झाली साधारण 166 मिलीमीटर. ती खालची आणि वरची अशी दोनदा धरायची, त्यात 457 मिलीमीटरची रिम मिळवायची: टायरची एकूण उंची आली 789 मिलीमीटर. म्हणजे 31 इंच. तुमचा कंपनीचाच टायर 31 इंची आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. आता 33 इंची म्हणून बाजारात जो जास्त चालतो तो 285/70 आर 17 घ्या. त्याची उंची 831 मिलीमीटर. म्हणजे फरक 42 मिलीमीटर. गाडी मात्र 42 ने वर जात नाही. चाकाचा मध्य फक्त त्रिज्येने वर जातो, म्हणजे 21 मिलीमीटर. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा खालचा भाग यातलं अंतर, कंपनीच्या आकड्याप्रमाणे 226 मिलीमीटर आहे, तो 247 होईल. एवढ्या सगळ्या खटाटोपाची कमाई ही पाऊण-एक इंच.

ही कमाई खोटी नाही. मागचा ॲक्सल अखंड आहे, त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा हा गाडीच्या सगळ्यात खालच्या भागांपैकी एक, आणि तो वर उचलायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोठा टायर. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, चॅसी वर जाते, पण मागचा गोळा आहे तिथेच राहतो. तुळजापूरच्या डोंगरातल्या दगडी वाटेवर मधला दगड लागतो तो या गोळ्यालाच. त्यामुळे "नुसती लिफ्ट करून द्या, टायर नको" म्हणणाऱ्यालाही मी हेच सांगतो की बाबा, दगड जिथे लागतो ती जागा तू उचललेलीच नाहीस.

पण ते 21 मिलीमीटर येतात कुठून हे बघा. टायर खाली जेवढा वाढतो तेवढाच वर, पुढे आणि मागेही वाढतो. व्हील आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) टायर आणि आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरच्या मध्ये जी मोकळी जागा कंपनीने ठेवलीय, ती वर, पुढे आणि मागे 21 मिलीमीटरने कमी होते. रुंदी 255 वरून 285 झाली की आतल्या अंगाला आणि बाहेरच्या अंगाला आणखी पंधरा-पंधरा मिलीमीटर गेले. दगडाच्या मुलखात किंवा वाळूत ही जागा थोडी कमी असली तरी चालून जातं. आपल्याकडे नाही चालत, कारण आपल्याकडे काळी माती आहे.

काळ्या रानात गाडी घालणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यावी. आपली रेगडाची माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर तीच माती टायरला अशी धरते की दोन-चार फेऱ्यांत टायरची नक्षी दिसेनाशी होते. पुढे काय होतं ते मी वाहनाखाली झोपून पुष्कळदा बघितलंय. टायरवरचा थर जाड होत जातो, तो वर लायनरला घासायला लागतो, लायनर तो थर खरवडून आर्चमध्येच साठवतो, वरून नवा चिखल त्यावर बसतो. थोड्या वेळात टायर आणि लायनर यांच्यामध्ये मातीचं ब्रेक-शू तयार होतं. इंजिनात ताकद असते, फोर-लो (चारही चाकांना सावकाश पण जास्त ताकद देणारा गिअर) टाकलेलं असतं, डिफरन्शियल लॉक होतं, आणि तरी गाडी जागची हलत नाही, कारण पुढची चाकं मातीने जाम झालेली असतात. मग पहारीने नाहीतर खुरप्याने आर्च मोकळी करत बसावं लागतं. लायनरच्या क्लिपा तुटतात, व्हील स्पीड सेन्सरची वायर ओढली जाते, डॅशबोर्डवर एबीएस आणि ईएसपीचे (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवे लागतात. दुसऱ्या दिवशी माती वाळली की ती विटेसारखी घट्ट होते. रिमच्या आतल्या बाजूला ती एका जागी बसलेली असेल तर हायवेवर 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंग करायला येतं. मी आधी प्रेशरचं पाणी मारतो. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

म्हणून माझं सांगणं असं आहे: आपल्या भागात आर्चमधली मोकळी जागा ही ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा किमती आहे. ती देऊन पाऊण इंच विकत घेऊ नका.

ओल्या काळ्या रानात कुठलाच टायर भरवशाचा नाही, हेही सांगून ठेवतो. मड-टेरेनची नक्षी खोल आणि मोकळी असते, चाक वेगात फिरलं की ती चिखल बाहेर फेकते. पण वेगात फिरवायचं म्हणजे एकाच जागी चाक घुमवायचं, आणि खाली कडक तळ नसेल तर ते चाक खड्डाच खोदतं. शेतकऱ्याला हे सांगायला नको. औत कधी घालायचं हे जसं वाफसा बघून ठरवतो, तशीच गाडीही वाफसा आल्यावरच रानात घालावी. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर गाडी बांधावरच उभी करा आणि चालत जा. दाबलेला गोळा अंगठ्याने फुटला तर खुशाल जा. ही परीक्षा कुठल्याही टायरपेक्षा जास्त वेळा गाडी वाचवते.

आता घासण्याबद्दल. दुकानदार टायर बसवून जागेवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून दाखवतो आणि म्हणतो, बघा, कुठे लागत नाही. ही अर्धीच परीक्षा झाली. गाडी सपाटीवर उभी असताना सस्पेन्शन मधल्या अवस्थेत असतं. घासणं होतं ते चाक पूर्ण वर दबलेलं आणि स्टिअरिंगही पूर्ण वळलेलं असताना, म्हणजे ओढ्यातून तिरकं वर चढताना. खरी परीक्षा करायची तर पुढचं एक चाक रॅम्पवर किंवा मोठ्या दगडावर चढवा, विरुद्ध बाजूचं मागचं चाकही वर घ्या, म्हणजे गाडी कोपऱ्या-कोपऱ्यात दबेल. त्या अवस्थेत कोणाला तरी सावकाश स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन चार जागा बघा: बंपरच्या मागचं लायनरचं टोक, दरवाजाच्या पुढची खालची कड, आतल्या अंगाला वरचा आर्म आणि त्याचा बॉलजॉइंट, आणि ब्रेकचा पाइप. प्लॅस्टिकला पुसटसं लागणं चालवून घेता येईल. आर्मला किंवा ब्रेकच्या पाइपला लागत असेल तर तो टायर त्या गाडीचा नाही.

घासतंय म्हटल्यावर दुकानदार दोन उपाय पुढे करतो, स्पेसर आणि लिफ्ट. स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घातलेली ॲल्युमिनियमची जाड चकती. आतल्या आर्मपासून टायर लांब जातो, पण तोच टायर बाहेर येऊन आता आर्चच्या बाहेरच्या कडेला लागतो. तेवढ्यावर थांबत नाही. चाकाचा भार जिथे पडायला हवा तिथून तो बाहेर सरकतो, व्हील बेअरिंगवर ओढ वाढते, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसका मारतं. शिवाय आता नटांचे दोन संच झाले, आणि आतला संच रिम काढल्याशिवाय दिसतही नाही. स्वस्तातला स्पेसर हबवर नीट बसत नसेल तर सगळा भार स्टडवर येतो. स्टड तुटून चाक निखळलेली गाडी मी बघितलेली आहे. चुकीच्या ऑफसेटची (हबपासून आत-बाहेर बसण्याच्या मापाची), बाहेर काढलेली रुंद रिम घेतली तरी बेअरिंगचं दुखणं तेच, फक्त दुसऱ्या रस्त्याने आलेलं.

लिफ्टचं थोडं वेगळं. पुढचं सस्पेन्शन डबल विशबोनचं, स्वतंत्र आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या वर स्पेसर घालून पुढून दोन इंच उचललं की आर्म आणि सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद नेणारा वाकता सांधा) कायमचे खालच्या कोनात जातात. जॉइंटच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींना घासून बूट फाटतो, आत धूळ जाते, ग्रीस बाहेर येतं, आणि वळणावर टक-टक सुरू होते. चाक खाली लोंबायला उरलेली जागाही कमी होते, म्हणजे ओढ्यात जिथे चाकाने खाली जाऊन जमीन धरायची तिथे ते आधीच संपलेलं असतं. चांगल्या प्रतीचं पूर्ण किट, त्याला जुळणारे वरचे आर्म आणि लांब शॉकॲब्सॉर्बर घेऊन हे नीट करता येतं, करणारे लोक आहेत. पण तो खर्च वेगळा आणि ती गाडीही वेगळीच, आठवड्याला शेतावर जायची नव्हे.

33 इंची टायर जड असतो. मजबूत बांधणीचा घेतला तर कंपनीच्या टायरपेक्षा एकेक टायर सात-आठ किलोंनी जास्त भरू शकतो. दुकानात काटा असतो, ठेवून बघा. हे वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला असतं, ते दर वेळी फिरवायचं इंजिनाने आणि थांबवायचं ब्रेकने. ब्रेक तेच आहेत, पुढे डिस्क, मागे ड्रम. टायर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास उंच झाला म्हणजे सगळे गिअर तेवढेच लांब झाले. फोर-लोमध्ये दगडावर मुंगीच्या पावलाने चढायची जी ताकद जमिनीवर मिळत होती, ती तेवढीच कमी झाली. म्हणजे ज्या कामासाठी मोठे टायर घातले त्याच कामात गाडी थोडी दुबळी झाली. हायवेवर टॉपच्या गिअरमध्ये ओढत नाही म्हणून खालचा गिअर लावावा लागतो, आणि मॅन्युअल गाडीत चढावर अर्धा क्लच धरायची वेळ वारंवार येते.

स्पीडोमीटर आणि ॲव्हरेजचा घोळ इथेच मिटवून टाकू. चाकाचा घेर 2,478 मिलीमीटरवरून 2,610 झाला, पण गाडीच्या संगणकाला ते ठाऊक नाही. सोलापूर-पुणे 250 किलोमीटर धरलं तर मीटरवर 237 दिसतील. तेवढ्याला समजा 20 लिटर डिझेल लागलं, तर तुमच्या हिशोबाने ॲव्हरेज 11.9, खरं मात्र 12.5. मोठ्या टायरने ॲव्हरेज कमी होतंच, पण "दोन-अडीचने पडलं" म्हणणाऱ्यांच्या आकड्यात साधारण पाव वाटा या मीटरच्या चुकीचाही असतो. वेगाचंही तसंच, मीटरच्या हिशोबापेक्षा गाडी पाच टक्क्यांनी जास्त पळते. कंपनीचं मीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवतं, म्हणून ही चूक लपते, पण सुरक्षिततेची ती सवलत संपलेली असते. यासाठीच टायरच्या धंद्यात एकूण उंचीत तीन टक्क्यांच्या आत राहायचा दंडक आहे. एबीएस, ईएसपी, गिअर सगळं त्या मर्यादेत सांभाळलं जातं.

आता खरा मुद्दा. तुम्हाला मोठा टायर कशासाठी हवाय? तुमच्या वापरात गाडी अडते ती उंची कमी पडते म्हणून क्वचित. जास्त करून अडते ती साइडवॉल फाटते म्हणून, नाहीतर हवा जास्त असते म्हणून.

साइडवॉलचं आधी. आपल्या भागात दोन शत्रू आहेत. एक वेडी बाभूळ. तिच्या फांद्या तोडून बांधावर कुपाटी घालतात, काही फांद्या वाटेवर पडतात, आणि तो वाळलेला काटा टायरच्या खांद्यात किंवा बाजूत घुसतो. दुसरा शत्रू तुरीची धसकटं. तूर कोयत्याने तिरकी कापतात. उरलेला खुंट फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाळला की भाल्याच्या टोकासारखा होतो, आणि शेतात गाडी वळवताना तो ट्रेडमध्ये (जमिनीला लागणाऱ्या नक्षीत) न घुसता नेमका बाजूला घुसतो. ट्रेडमधलं पंक्चर निघतं. साइडवॉलला मश्रूम पॅच किंवा दोरी लावून देणारा भेटेल, पण तो टायर पुन्हा हायवेवर न्यायचा नाही, तो गेला म्हणून समजायचं. म्हणून टायर विकत घेताना उंची विचारायच्या आधी विचारा की साइडवॉलला किती थर आहेत. दोन थरांचा आणि तीन थरांचा असे दोन्ही ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) मिळतात. आकाराच्या आधी एलटी ही अक्षरं असतील तर बांधणी हलक्या ट्रकची, जाड आणि जास्त हवा सोसणारी.

आणि इथे एक चांगला मार्ग कंपनीनेच करून ठेवलाय. तुमच्याच वेळच्या थारच्या एएक्स गाडीला (खालच्या दर्जाच्या मॉडेलला) 245/75 आर 16 टायर आलेला आहे. रिम 16 इंची, साइडवॉल 184 मिलीमीटर, एकूण उंची 774. तुमच्या टायरपेक्षा पंधरा मिलीमीटर बुटका, पण रबर 18 मिलीमीटरने जास्त उंच. जास्त साइडवॉल म्हणजे हवा कमी केल्यावर टायर जास्त पसरतो आणि दगडावर रिम वाचते. 18 इंची अलॉय दिसायला देखणी असते, पण बाहेरच्या कामाला मी कायम 16 चीच शिफारस करतो. याच रिमवर 265/75 आर 16 घेतला तर उंची 804 मिलीमीटर, म्हणजे तुमच्या आताच्या टायरपेक्षा फक्त 15 ने जास्त, दोन टक्क्यांच्या आत. साइडवॉल जवळपास 199. ग्राउंड क्लिअरन्सही सात-आठ मिलीमीटर वाढतो आणि आर्चमधली जागा फारशी जात नाही. हा आकार बाजारात सहज मिळतो. रिम घ्यायच्या आधी मात्र एक रिम पुढच्या हबवर लावून हाताने फिरवून बघा, कॅलिपरला कुठे लागत नाही ना. अलॉयच्या आतला आकार सगळ्यांचा सारखा नसतो.

नक्षी कुठली? ऑल-टेरेन. तुमचं निम्म्याहून जास्त धावणं डांबरावर आणि सिमेंटवर आहे. ओल्या डांबरावर मड-टेरेनचं कमी रबर जमिनीला लागतं, आणि ब्रेक मारल्यावर ते जाणवतं. आपल्याकडे पावसाळाच नव्हे, उसाच्या गाळपाचा सगळा हंगाम रस्ते धोक्याचे असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रानातून निघतात आणि चाकाला लागलेला चिखल पक्क्या रस्त्यावर सांडत जातात. पहाटे दव पडलं की मोहोळ-पंढरपूर बाजूच्या रस्त्यांवर त्याचा साबण होतो. अशा वेळी जिवाला जपणारा टायर हवा, आणि तो ऑल-टेरेन.

हवेबद्दल सविस्तर सांगतो, कारण यात पैसे जात नाहीत आणि फायदा सगळ्यात जास्त. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की काठाला वरून वाळलेली, आतून लोण्यासारखी गाळाची पपडी राहते. तिथे अडकणारी प्रत्येक गाडी मला हायवेची हवा भरलेलीच सापडते. कच्च्या रस्त्यावर 24-25 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा, वाळू आणि गाळात 18 पर्यंत. टायर लांबीला पसरतो, तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं, आणि गाडी पपडी न फोडता वरून जाते. मोठ्या टायरने जी पकड मिळते म्हणून लोक सांगतात, ती तुम्हाला आहे त्या टायरवर मिळते. 15 च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. कमी हवेवर 30 च्या वर वेग नको, आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची. त्यासाठी बॅटरीला चिमटे लावून चालणारा चांगला कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट-लायटरचा छोटा पंप थारचे चार टायर भरताना तापून बंद पडतो.

उन्हाळ्यातली हवा सकाळीच मोजायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 ला जातो, आणि पहाटेच्या मानाने दुपारी उभ्या गाडीचीही हवा तीन-चारने वाढलेली दिसते. म्हणून दुपारी गरम टायर मोजून "जास्त झाली" म्हणत सोडू नका. ती हवा पहाटे कमी भरेल, आणि कमी हवेचा टायर हायवेवर तापून फुटतो. उन्हात उभ्या गाडीच्या तापलेल्या टायरपेक्षा कमी हवेवर पळणारा टायर कितीतरी धोकादायक.

एलटी टायर घेतला तर दारावरच्या स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही, तेवढाच भार उचलायला त्याला चार-पाचने जास्त हवा लागते. नेमकी किती ते खडूने बघता येतं. सपाट रस्त्यावर टायरच्या ट्रेडवर आडवा जाड पट्टा खडूने काढा, वीस-तीस मीटर सरळ गाडी चालवा आणि उतरून बघा. पट्टा मध्येच पुसला गेला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसला गेला असेल तर कमी. सगळीकडे सारखा पुसला की ती तुमची हवा. हे गाडीत नेहमीचं वजन ठेवून करा, आणि स्टिकरच्या आकड्याखाली मात्र जाऊ नका.

स्टेपनी विसरू नका. टायर घ्यायचे ते पाच. तुमची गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाने) पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडते, मध्ये फरक सोसणारं डिफरन्शियल नाही. चार टायर 804 चे आणि एक जुना 789 चा असेल, तर तो लावून फोर-हायमध्ये चालवताना पुढच्या-मागच्या फिरण्यातला फरक ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर पिळा देत राहतो. लिव्हर अडकते, तेल तापतं, आणि मग फार महागडं काम निघतं. म्हणूनच पाचही टायर फिरवत ठेवायचे, आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदलायच्या, म्हणजे झीज सारखी राहते. आणि कोरड्या डांबरावर फोर-हाय लावायचं नाही, टायर कुठलाही असो. स्टेपनी मागच्या दाराला असते, त्यामुळे जड टायरचं वजन बिजागऱ्यांवर पडतं. दार बंद करताना खरखर किंवा खाली बसल्यासारखं वाटलं तर लगेच घट्ट करून घ्या.

कायद्याचं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. कंपनीने त्याच मॉडेलवर दिलेला 245/75 आर 16 हा त्यामुळे सगळ्यात निर्धास्त पर्याय. 265/75 हा कंपनीचा आकार नाही, हे समजून घ्या, तो घेण्याआधी विमा कंपनीला आणि वॉरंटी बाकी असेल तर डीलरला लेखी विचारा. लिफ्ट, स्पेसर आणि आर्चबाहेर आलेले टायर असलेल्या गाडीचा अपघात झाला तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

तुमच्या जागी मी असतो तर 16 इंची रिमवर 245/75 चे पाच, तीन थरांच्या साइडवॉलचे ऑल-टेरेन घेतले असते. कागदपत्रांची बाजू लेखी मिटली आणि तरीही थोडी उंची हवीच असली, तर 265/75. त्यापुढे नाही. लिफ्टचे पैसे वाचले त्यात कॉम्प्रेसर, टायरचा चांगला गेज, ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल येतात. आणि डोंगरात, माळावर जायची हौस आहे म्हणून एक विनंती: नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि त्याच्या भोवतीच्या गवताळ माळावर गाडी घालू नका. ते गवत म्हणजे त्या पक्ष्यांचं घर आहे, तिथे उठलेला टायरचा माग वर्षानुवर्षं जात नाही.

खरेदी करताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. 1824 म्हणजे 2024 सालचा अठरावा आठवडा. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं, त्यामुळे सवलतीत मिळतो म्हणून दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर घेऊ नका. पाचही एकाच सुमाराचे असावेत. आकारानंतर जो आकडा आणि अक्षर असतं तेही बघा: 109 म्हणजे एका टायरवर 1,030 किलो, 111 म्हणजे 1,090. अक्षर वेगाचं, क्यू म्हणजे 160, एस म्हणजे 180, टी म्हणजे 190 किलोमीटर. भाराचा आकडा तुमच्या आताच्या टायरपेक्षा कमी चालणार नाही.

बसवून झाल्यावर नट एअर-गनने कचकचून आवळू देऊ नका. हाताच्या टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला, आणि एकाआड एक नट. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा, नवीन रिम बसताना नट थोडे सैल होतात. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या आणि छापील रिपोर्ट मागा. मग पहिल्यांदा शेतावरून आलात की पाण्याचा पाइप घेऊन पुढच्या आर्चमध्ये आतून प्रेशर मारा, आणि लायनरवर टायर घासल्याची चकाकणारी रेघ कुठे आहे का बघा. असेल तर गाडी घेऊन या, कुठे आणि किती लागतंय ते बघून सांगतो.